खडकाच्या कडेचं पाणी

चिंचगव्हाण, ता. मोर्शी
२ जुलै १९६१

किसन, सप्रेम जयभीम.

चार वर्षांनी तुझं पत्र आलं. चांगलं जाडजूड आहे, पण सगळं लाटांचं आहे. कोकणात दीपगृहावर नोकरी लागली हे एका ओळीत, आणि सकाळी वारा जमिनीकडून वाहत असला की लाट कशी गुळगुळीत उभी राहते हे दीड पानात. तू जेवतोस कुठे, खोली गळते का, लग्नबिग्न केलंस का, यातलं काही नाही. माणूस एवढी वर्षं रुसून बसतो आणि मग हवापाण्याचं लिहितो, हे आपल्याच घरात होऊ शकतं.

इकडचं सांगते. माझी बदली आता गावच्या शाळेत झाली आहे. मीच मागून घेतली, बाबा एकटे होते म्हणून. तुझे भाऊजी अमरावतीला राजापेठेत खोली करून राहतात आणि शनिवारच्या मोटारीनं येतात. त्यांची कुरकुर मी ऐकून घेते.

तू घोडीचं विचारलंस. घोडी अजून उठलेली नाही. नदीला पाणीच नाही. काळा खडक कोरडा ठणठणीत आहे आणि बायका त्यावर गोधड्या वाळत घालतात. शाळेतल्या पोरांना मी परवा घोडी म्हणजे काय ते सांगत होते. पूर आला की पाणी काळ्या खडकावरून घसरतं, खाली माणसाएवढी एकच लाट उभी राहते, आणि ती दिवसभर जागची हलत नाही. सावरीच्या फळीवर पालथं पडून तिच्या पाठीवर राहायचं, पाणी खालून पळू द्यायचं, आणि ती फेकेपर्यंत उतरायचं नाही. पोरं हसली. त्यांना ते खोटं वाटलं. तू गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलेलं नाही, तेव्हा त्यांचाही दोष नाही.

पत्राच्या अगदी शेवटी तू एक ओळ खरडली आहेस, की एवढ्याशा ओटीपायी बाबांनी पोटच्या पोराशी बोलणं टाकलं. ते मी वाचलं नाही असं दाखवू शकले असते, पण मला राग आला आहे.

ओटी मोठी नव्हतीच. एक खण, एक नारळ, हिरव्या बांगड्या. गाव नदीला माय म्हणतं आणि पुरात तिची ओटी भरतं, भरू दे. पण ती घोडीच्या पलीकडे नेऊन सोडायची ती पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच घरानं, कारण बुडायला आपला माणूस स्वस्त होता. आणि ती हातात कधी कुणी दिली नाही. वाळूवर ठेवायचे आणि मागे सरकायचे. बाबांनी उभा जन्म ती तशी उचलली. नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि म्हणाले, नदी आपली आहे, तिच्यात पोहू, पण ओटी आता ज्याची त्यानं न्यावी. पुढच्याच श्रावणात खुशालराव मालक तुला म्हणाले की तुझ्यासारखा पोहणारा तालुक्यात नाही, आणि तू सगळ्यांदेखत वाकून वाळूवरची ओटी उचललीस.

तू म्हणतोस तुला घोडी हवी होती, ओटी निमित्त होती. मी ते मानते. तू त्या दिवशी घोडीवर जसा राहिलास तसं कोणी राहिलेलं मी पाहिलं नाही. पण बाबांनी घोडी पाहिलीच नाही. ते तू वाकलास तेव्हाच घरी आले होते.

पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही. मी ते मोठ्यानं वाचलं आणि ते तिथे बसलेले होते. शेवटची ओळ मी मोठ्यानं वाचली नाही.

तुझी बाई,
पंचफुला


चिंचगव्हाण
२३ जुलै १९६१

किसन, जयभीम.

या वेळेला तू निदान जेवण्याचं लिहिलंस. मासे आणि भात रोज खाऊन माणसाचं काय होतं ते मला ठाऊक नाही. भाकरीचं पीठ पाठवू का ते कळव, पोस्टानं जातं की नाही ते विचारते.

बाकी पुन्हा समुद्रच. त्या जागेचं तू फार खुलवून लिहिलं आहेस. डोंगराचं टोक समुद्रात शिरलेलं, खाली तीन खडक, त्यांच्या मधल्या खाचेतून लाट आत येते आणि डावीकडे सोलल्यासारखी फुटत जाते. कोळी लोक तिथे होडी नेत नाहीत. नवशिक्याचं ते काम नाही, म्हणतोस. मग जुन्या माणसाचं तरी कशावरून?

मी हे वाचत होते तेव्हा बाबा दोरी वळत होते. मध्येच म्हणाले, "खडक पान्याच्या वर हाये का आत?"

मी विचारलं, कोणाला विचारता?

"कोनाले नाई. तू वाचून राहिली त म्या इचारलं."

तेव्हा मी माझ्या वतीनं विचारते. खडक पाण्याच्या वर आहेत का आत? आत असले तर पाणी कुठे काळं दिसतं? पाणी फुटल्यावर परत कुठल्या वाटेनं जातं? आणि तुझी फळी कसल्या लाकडाची आहे, सावर तिकडे मिळते का? हे सगळं मला उगाच जाणून घ्यायचं आहे.

एक गोष्ट तू लिहिलीस ती बाबांना पटलेली नाही. नदीत घोडी उभी राहते आणि पाणी पळतं, समुद्रात पाणी जागच्या जागी असतं आणि घोडीच पळते, असं तू लिहिलंस. बाबांनी दोरीला एक पीळ दिला. मग म्हणाले की पाणी ते पाणी, त्याला उतार लागतो, समुद्राला कुठला आला उतार, पोरगं काहीतरी लिहितं. हे ते भिंतीशी बोलले. मी तुला लिहिते आहे ते माझं मी.

परवा पहिला पूर आला. ओटी यंदा खुशालरावांनी काठावरूनच फेकली. ती धारेपर्यंत गेलीच नाही, काठच्या बोरीत अडकली आणि दुपारपर्यंत खण तिथेच फडफडत होता. गावानं बघून न बघितल्यासारखं केलं. बाबा काठावर उभे होते, हसले नाहीत. घरी येऊन मात्र दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

घोडी उठली होती. चांगली होती, म्हणतात. मला त्यातलं कळत नाही.

तुझी बाई


चिंचगव्हाण
१३ ऑगस्ट १९६१

किसन,

जयभीम. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पोस्टमन शेंदूरजनाघाटच्या वाटेनं येतो आणि बाबांना हल्ली त्याच वाटेवर, त्याच झाडाखाली, त्याच वेळेला बसायची सवय लागली आहे. पत्र आणून ते माझ्यापुढे टाकतात आणि दोरी घेऊन बसतात. ही एकच दोरी गेला महिनाभर वळणं चालू आहे.

तुझा बेत कळला. नारळी पौर्णिमा झाली की समुद्र उघडतो, आणि त्यानंतर एखाद्या सकाळी तू त्या तीन खडकांच्या खाचेत उतरणार. कोळी नको म्हणतात, तुझा दीपगृहातला सोबती नको म्हणतो, आणि तू मला विचारतोस.

मला विचारशील तर जाऊ नकोस. पण तू ते विचारलेलंच नाहीस. तू विचारलंस की जायचं तर कसं.

मला असं वाटतं, की पाणी भरात असताना उतरू नये. भरात असलेल्या पाण्याशी जो झटतो तो मूर्ख. काठावर बसावं, तंबाखू मळावी, आणि पाण्याचा जोर मोडेपर्यंत वाट बघावी. जोर मोडला की मात्र वेळ घालवू नये, कारण तेवढीच संधी असते. आत जाताना मधून जाऊ नये. खडकाच्या कडेकडेनं जावं. खडकाच्या कडेचं पाणी मऊ असतं, तो आडोसा असतो, तिथे माणूस दम खाऊ शकतो. आणि फळी छातीखाली घ्यावी, पोटाखाली नाही.

मला पोहता येत नाही हे तुला आठवत असेल, आणि मी तंबाखूही खात नाही. पण बघून बघून माणूस शिकतो. हे सगळं मी माझ्या डोक्यानं लिहिलं आहे.

लिहून झाल्यावर बाबा म्हणाले, वाच. मी वाचलं. छातीखाली हे लिहिलं का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

किसन, मी मोठी बहीण आहे म्हणून एक वेगळं सांगते. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास आणि मी तुला कडेवर घेऊन नदीवर धुणं धुवायची. तुला पाण्याचं वेड मीच लावलं असेन. मला तुझी भीती वाटते. ती वाटत नाही असं मी आजवर दाखवत आले, पण या वेळेला वाटते.

बाई


चिंचगव्हाण
१७ सप्टेंबर १९६१

किसन,

तार मंगळवारी मिळाली. तुझ्या सोबत्यानं केली होती. KISAN च्या जागी काहीतरी भलतंच छापलं होतं, म्हणून आधी मला वाटलं दुसऱ्या कोणाची असेल. मग शाळेतल्या गुरुजींनी नीट वाचून सांगितलं. मांडीचं हाड मोडलं, रत्नागिरीला दवाखान्यात आहे, जिवाला धोका नाही. शेवटचे शब्द मी त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतले.

भाऊजी म्हणतात मी जाऊन येते म्हणाले तर ते रजा काढतील. इथून बडनेरा, बडनेऱ्याहून मुंबई, तिथून पुढे बोट की मोटार, कोणालाच नीट माहीत नाही. तू सांग, येऊ का?

आता माझं ऐक. तुला कोणी बोलावलं होतं त्या खडकांत? कोळ्यांना समुद्र कळत नाही आणि वर्धा नदीच्या काठच्या माणसाला कळतो, असं का? तू लहानपणापासून असाच आहेस, कोणी नको म्हटलं की तुझे पाय वळवळतात. पाय म्हणते आहे, आणि आता लिहून गेलं, राहू दे.

बाबांना मी सांगितलं की थोडं लागलं आहे. त्यांनी विचारलं, कुठे. मी म्हटलं पायाला. त्यांनी विचारलं, खडकाला लागून का. मी म्हटलं तारेत तेवढं नसतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नदीवर गेले आणि कधी नव्हे ते काळ्या खडकाकडे पाठ करून बसले होते, असं शाळेतल्या पोरांनी सांगितलं. दोरी कोपऱ्यात पडली आहे.

मी जे लिहिलं होतं त्याच्याशी याचा काही संबंध नसेल असं मी धरून चालले आहे. असला तरी मला लिहू नकोस. घरी मोठ्यानं वाचावं लागतं.

बरा हो. भात पुरेसा खा, हाड भरून यायला लागतो म्हणतात.

तुझी बाई


चिंचगव्हाण
२२ ऑक्टोबर १९६१

किसन,

तुला लिहू नकोस म्हटलं होतं आणि तू लिहिलंस. पाय लटकवून पडलेल्या माणसाजवळ वेळ भरपूर असतो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

पत्र आलं तेव्हा बाबा समोरच होते. मी उघडलं आणि वाचायला लागले. पाय थोडा आखूड राहील, डॉक्टर म्हणतात काठीनं चालता येईल, दीपगृहातली नोकरी जाणार नाही, इथपर्यंत ठीक होतं. पुढची ओळ डोळ्यांनी दिसली तशी मी उडी मारली आणि एकदम शेवटच्या नमस्कारावर आले.

बाबा म्हणाले, "मधलं काहून सोडलं?"

मी म्हटलं, काही नाही, हवापाण्याचं आहे.

"मंग तेच वाच. म्या तेच आयकून राहिलो ना इतके दिवस."

मी वाचलं. तू लिहिलंस तसं, एकही शब्द न गाळता. की समुद्रात लाटा घोळक्यानं येतात. एक घोळका फुटून गेला की पाणी निजल्यासारखं होतं, आणि तो जोर मोडलेला नसतो, पुढचा घोळका बाहेर जमत असतो. तू कड्यावर बसून वाट बघितलीस, पाणी शांत झालं, तू वेळ न घालवता उतरलास आणि खडकाच्या कडेकडेनं गेलास. नदीत पाणी खडकाला वळसा घालून जातं म्हणून कडेला आडोसा असतो. समुद्रात लाट खडकावरच येते. कडेला माणूस सापडला तर त्याला जायला जागा नसते.

त्याच्या पुढचंही वाचलं. "बाई, तुझ्या त्या पत्रात तुझा एक शब्द नव्हता, ते मला पहिल्याच वाचनात कळलं. मला कोळ्यांनी हे सगळं आधीच सांगितलं होतं. शांत पाण्यात उतरू नको, कडेला जाऊ नको, रोज सांगायचे. पण बाबा चार वर्षांनी माझ्याशी बोलले होते. मग मी कोळ्यांचं कशाला ऐकतो?"

हे वाचून झाल्यावर मला पुढे वाचता येईना. मी रडले, किसन. शाळेत पोरांना छडी मारणारी बाई मी, पदर तोंडात घालून रडले. तुझा राग आला, बाबांचा आला, आणि तुम्हा दोघांच्या मध्ये बसून इतके दिवस टपाल वाटणाऱ्या माझा स्वतःचाही आला. एकानं काठावरून सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून जीव द्यायला निघायचं, आणि एकमेकांचं नाव मात्र घ्यायचं नाही. असली माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

बाबा रडले नाहीत. ते उठले, माठातलं पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले. मला वाटलं आता दोरी घेतील. ती घेतली नाही. म्हणाले, कागद काढ.

आणि मग मला समोर बसवून, स्वतःचं नाव घेऊन म्हणाले, "लिव. किसनले लिव. मोतीरामानं सांगतलं होतं. बाईनं नाई, मोतीरामानं. अन् मोतीराम चुकला."

तुझं नाव त्यांच्या तोंडून मी चार वर्षांनी ऐकलं. मी लिहिलं. लिहिलेलं वाचायला लावलं. मी वाचलं तेव्हा मान हलवली, एखाद्या परक्याचं ऐकावं तशी.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही मुद्दाम थोडंच सांगितलं. ते म्हणाले की मुद्दाम नाही, पण न पाहिलेल्या पाण्याचं सांगितलं, आणि पाणी सांगणाऱ्यानं तेवढं एक करायचं नसतं. नदीच्या काठी जन्म गेला म्हणून समुद्र कळतो असं वाटलं. पोरानं आधीच लिहिलं होतं की तिथे घोडी पळते. "त्याचं आयकाले पायजे होतं," म्हणाले. ओटीचं काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. ते त्यांच्या मनातून गेलं आहे असं मी तुला सांगणार नाही, कारण मला तसं वाटत नाही. पण ते त्यांनी आता बाजूला सारलं आहे, एवढं मी पाहिलं.

पुढचं सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिते. माझं यात काही नाही, या वेळेला खरंच नाही. पुढचा घोळका बाहेर जमतो तो काठावरून दिसतो का? दिसत असला तर किती आधी? कोळी पाणी बघतात ते कशावर नजर ठेवून, रंगावर का पक्ष्यांवर? भरतीला खडक बुडतात तेव्हा लाट वर चढून फुटते का मागेच फुटते? त्यांना समजलेलं नाही, आणि समजल्याशिवाय चैन पडणार नाही. तू त्यांना नीट समजावून सांग. नवशिक्याला सांगावं तसं सांग, असं त्यांनीच म्हटलं आहे.

हे लिहून झाल्यावर मी पाकीट चिकटवायला घेतलं, तर म्हणाले, थांब.

"अखीन एक इचार. तिथं काठावर बुढ्या मानसाले बसाले जागा हाये का?"

मी म्हटलं, कशाला?

"इथून दिसत नाई," म्हणाले.

दीक्षेला नागपूरला गेले तेवढाच त्यांचा आगगाडीचा प्रवास. भाऊजींना मी सांगितलं आहे की मुंबईहून पुढे कसं जातात ते अमरावतीत कोणाला तरी विचारून या. हा प्रश्न मला विचारलेला नाही, तेव्हा उत्तरही मला देऊ नकोस. पाकिटावर बाबांचं नाव घाल. वाचून मी दाखवीन.

पंचफुला